काळाचौकीच्या संग्रहालयात गिरणगाव कुठे आहे?

लालबागकर
मुंबईत काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल २-३ च्या जागेवर महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचंय. आराखड्यात तळं आहे, कारंजं आहे. मला तिथे गिरणी कामगारांची राहती खोली मांडलेली हवी, तसं निवेदन द्यायचंय. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवच्या पहिल्या गिरणीची कंपनी काढली. पुढे कोकणातून, घाटावरून येणारा माणूस थेट गाववाल्यांच्या खोलीत उतरायचा. दहा बाय बाराची खोली, माणसं पंधरा-वीस. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळली जायची. जेवण खानावळवाल्या बाईकडे, पैसे पगाराला. गिरण्यांभोवतीचं गिरणगाव असं वसलं. नुसते साचे, म्हणजे कापड विणायचे माग, मांडून हे कसं कळणार?

बदलीवाल्याची लेक
आधी घरं द्या, मग खोल्या मांडा. बाबा बदली कामगार. रोज गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर पाळी, नाहीतर परत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, पुढे काय झालं ते आम्ही भोगलं. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे पालिका, घरांसाठी म्हाडा आणि मालक असे तीन वाटे ठरले. २००१ मध्ये बदल करून फक्त मोकळी जमीन वाटणीत धरली आणि आमचा वाटा आटला. घरासाठी दीड लाखावर अर्ज, आणि आता म्हणे मुंबईबाहेर शेलू-वांगणीला जा!

लालबागकर
ताई, मागणी रास्तच आहे, मीही त्या मोर्चांत असतो. पण संग्रहालय अडवून एक घर वाढणार नाही. साच्यावर उभी राहिलेली माणसं आज सत्तरीच्या पुढे आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याकडून समजून घेतलं नाही तर यंत्रं मुकीच राहतील.

नायगावकर
खोली मांडाल तर खरी मांडा. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगाराला घेत नसत. सुताची कांडी बदलली की मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागे, त्याचा विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. एकजुटीच्या गोष्टींत हे नेमकं गळतं.

लालबागकर
शंभर टक्के. धोटा पहिल्याच दालनात हवा, आणि शेजारी हीच हकीकत.

बदलीवाल्याची लेक
धोट्याचं पटलं. पण घरांच्या चाव्या मिळेपर्यंत संग्रहालयाच्या निवेदनावर माझी सही मिळणार नाही.