मदत हवी आहे: पॅलेट रॅकचा वाकलेला अपराइट (उभा खांब), दुरुस्ती की बदली?

भिवंडीतलं गोदाम. सिलेक्टिव्ह पॅलेट रॅक (प्रत्येक पॅलेट थेट काढता येतो असा), चार लेव्हल, प्रत्येक बीमवर (आडव्या दांड्यावर) दोन पॅलेट, प्रत्येकी सुमारे एक टन. फोर्कलिफ्टच्या धडकेने पुढचा अपराइट जमिनीपासून फूटभर उंचीवर आत, म्हणजे ब्रेसिंगच्या (पुढच्या-मागच्या खांबांना जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) दिशेने दबलाय. एक मीटरची सरळ पट्टी लावून मोजलं तर फट 11 मिमी. ईएन 15635 या रॅकच्या वापर-देखभालीच्या युरोपीय मानकाप्रमाणे या दिशेला मर्यादा 3 मिमी, आणि दुपटीच्या वर गेलं की लगेच माल उतरवायचा. त्यामुळे दोन्ही बाजूंचे बे (दोन खांबांमधले कप्पे) वरपर्यंत रिकामे केलेत. खांबावरच्या एका स्लॉटच्या (बीमचा हुक अडकवायच्या खाचेच्या) कडेला रंग उडून केसासारखी चीर दिसते. बेसप्लेट, अँकर बोल्ट ठीक आहेत. ओळंब्यात वर फरक नाही. बीमच्या सेफ्टी क्लिप जागेवर आहेत.

फेब्रिकेटर म्हणतो, गरम करून सरळ करतो, वर पट्टी वेल्ड करतो. ते नको; कोल्ड रोल्ड पत्र्याची ताकद उष्णतेने जाते.

अडचण अशी, की मूळ उत्पादकाने हे सेक्शन बंद केलंय, आणि दुसऱ्या उत्पादकाच्या फ्रेमचे (ब्रेसिंगने जोडलेल्या खांबांच्या जोडीचे) स्लॉट आपल्या बीमच्या हुकांना बसतीलच असं नाही.

खालचा तुकडा कापून बोल्टची रिपेअर किट कुणी बसवली आहे का, आणि त्यानंतर मूळ भारक्षमतेचं लेखी प्रमाणपत्र मिळालं का? की अख्खी फ्रेमच बदलावी?