मोत्या रात्री का फिरतो?

वेंगुर्ल्याच्या ताई, तुमचा म्हातारा मोत्या रात्रभर पडवीत येरझारा घालतो, मध्येच भिंतीकडे बघत उभा राहतो, आणि घरचे म्हणतात 'वय झालं, चालायचंच'. तेवढ्यावर सोडू नका. कुत्र्यांनाही माणसांसारखा स्मृतिभ्रंश होतो. मेंदूत बीटा-अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं. २००१ च्या एका अमेरिकी पाहणीत ११-१२ वर्षांच्या २८ टक्के, तर १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत निदान एक तरी लक्षण दिसलं. आमच्या काळूचं पहिलं लक्षण अगदी बारीक होतं: मागीलदारी तो कडीच्या बाजूला न थांबता बिजागरीला नाक लावून उभा राहायचा, दार उघडलं तरी तिथेच.

आधी डॉक्टरांकडून सांधे, मूत्रपिंड, डोळे, कान तपासून घ्या. दुखण्यानेही कुत्रं असंच वागतं. स्मृतिभ्रंशावर सेलेजिलिन नावाचं औषध आहे, पण मनाने देऊ नका, काही गोळ्यांबरोबर ते बाधतं. घरात शी-शू केली तर कृपा करून ओरडू नका, त्याला चुकलं काय ते कळत नाही. अंथरूण-भांडं जागचं हलवू नका, रात्री मंद दिवा ठेवा. आणि विहिरीला कठडा नसेल तर आजच आडोसा करा. पावसात चिरे शेवाळतात, त्याला अंधारात कडेचा अंदाज येणार नाही.