रूढी, प्रथा की वहिवाट?

मदत हवी आहे. पदवीच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय कायद्याची टिपणं मराठीत लिहितो आहे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीत ३८व्या कलमापाशी गाडी अडली. निवाडा कशाच्या आधारे करायचा, ते तिथे सांगितलंय: राष्ट्राराष्ट्रांतले करार, मग 'कस्टम', मग कायद्याची सर्वमान्य तत्त्वं, जुने निकाल आणि विद्वानांची मतं दुय्यम साधन म्हणून. कराराला आपल्याकडे शब्दांची ददात नाही. तह आहे, संधी आहे, करारनामा आहे. कस्टमला काय म्हणू? तसाच ठेवला तर पोरांना विमानतळावरचे कस्टमवाले आठवतील. रूढी की प्रथा?

*

रूढी नको. मराठीत रूढीच्या मागे 'अनिष्ट' हा शब्द न बोलावता येऊन बसतो. प्रथा बरी. मात्र नुसती सवय म्हणजे प्रथा नव्हे, हे टिपणात ठळक लिहा. पाहुणा राष्ट्रप्रमुख आला की लाल गालिचा घालतात, पण नाही घातला म्हणून कोणी कायदा मोडला असं म्हणत नाही. उत्तर समुद्राच्या सागरतळाच्या वाटणीचा खटला झाला (निकाल १९६९), त्यात न्यायालयाने हेच म्हटलंय: समारंभातल्या कितीतरी गोष्टी राष्ट्रं न चुकता करतात, पण सौजन्य म्हणून, सोय म्हणून; कायद्याचं बंधन म्हणून नव्हे. तेव्हा 'व्यवहार' वेगळा आणि 'प्रथा' वेगळी. व्यवहाराला बंधनाची जाणीव जोडली की प्रथा.

*

माझं मत वहिवाटीला. बांधावरच्या रस्त्याचं भांडण लागलं की पहिला प्रश्न काय असतो? वहिवाट आहे, की विचारून जात होतात? शेजाऱ्याची परवानगी काढून वीस वर्षं बैलगाडी नेलीत तरी हक्क लागत नाही. उघडपणे, बिनअडथळा, हक्काने नेलीत तर लागतो. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात हेच आहे.

आता दादरा-नगर हवेलीचा खटला पाहा. १९५४च्या जुलै-ऑगस्टात ही ठाणी पोर्तुगीजांच्या हातून गेली. चारी बाजूंनी भारतीय मुलूख. दमणहून तिथे जायचं तर भारतातूनच. भारताने वाट अडवली म्हणून पोर्तुगाल डिसेंबर १९५५मध्ये हेगला गेला. १२ एप्रिल १९६०ला निकाल लागला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांची ये-जा इंग्रजी अमलापासून सव्वाशे वर्षं चालू होती, म्हणून तिला हक्क मानलं (११ विरुद्ध ४ मतांनी). फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा न्यायचा तर परवानगी मागावी लागे, म्हणून तिथे हक्क नाही (८ विरुद्ध ७). हक्क होता तोही भारताने मोडला नाही, असंच शेवटी ठरलं, पण तो आपला विषय नाही. परवानगी मागितलीत की वहिवाट गेली, हा बांधावरचा नियम हेगमध्ये दोन देशांना लागू झाला, एवढं लक्षात घ्या.

शिवाय भारताचं म्हणणं होतं की दोनच राष्ट्रांत प्रथा तयार होऊ शकत नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. दोघांत वहिवाट होते, हे आपल्याकडे कोणत्याही खातेदाराला ठाऊक आहे.

*

उदाहरण झकास, शब्द चालणार नाही. वहिवाट जमिनीला, इनामाला, देवस्थानाला चिकटलेली आहे. बडोदा संस्थानात तर तालुक्याच्या अधिकाऱ्यालाच वहिवाटदार म्हणत, म्हणजे तिथे अर्थ कारभार असा. परक्या राजदूताला अटक करायची नाही, याला 'राजदूतांची वहिवाट' म्हणाल का? दोन देशांतल्या वाटेपुरती वापरा, एरवी प्रथाच.

*

थोडं विषयांतर, पण याच खटल्यातलं. पोर्तुगालचा दावा पेशव्यांशी १७७९मध्ये झालेल्या तहावर आणि १७८३ व १७८५च्या सनदांवर उभा होता: मराठ्यांनी गावं दिली, म्हणजे सार्वभौमत्व दिलं. न्यायालयाने तह खरा मानला, कारण मराठ्यांनी स्वतःच तो पाळला होता. पण सनदांत दिलेलं काय होतं? सालीना बारा हजार रुपये वसुलाची जहागीर, म्हणजे सरंजाम. वसूल खाण्याचा अधिकार, मुलूख नव्हे. अशा देणगीतून सार्वभौमत्व गेल्याचा एकही दाखला पुढे आला नाही, असं निकालात आहे. (पुढे इंग्रजांनी तिथला पोर्तुगीज अंमल मुकाट्याने मान्य केला आणि गाडं फिरलं, ते वेगळं.) आपण 'सरंजामी वृत्ती' म्हणून ज्या शब्दाची शिवी केली, त्याचा काटेकोर अर्थ हेगच्या न्यायाधीशांना लावावा लागला!

आणि म्हणूनच 'संयुक्त राष्ट्रांची सनद' मला खटकते. सनद वरचा खालच्याला देतो. २६ जून १९४५ला सान फ्रान्सिस्कोत सह्या करणारे एकमेकांचे कोण वरचे होते?

*

तो शब्द आता रुळला, राहू द्या. 'हक्कांची सनद'ही आपण म्हणतोच. शब्दाला जुना मालक असला तरी नवी वहिवाट लागते की!

*

सगळ्यांचे आभार. ठरवलंय: सर्वसाधारण अर्थी 'प्रथा', दोन राष्ट्रांपुरती असेल तिथे 'स्थानिक प्रथा' आणि समजावताना बांधाचं उदाहरण. आता ओपिनिओ ज्युरिस, ती वर सांगितलेली बंधनाची जाणीव. 'बंधनभावना' कसं वाटतं?

*

भावना नको, रक्षाबंधन वाटतं. 'बंधनबुद्धी' चालेल का? कर्तव्यबुद्धी आपण म्हणतोच, त्याच चालीवर. फक्त 'बांधिलकी' लिहू नका. तो शब्द साहित्य संमेलनांत वापरून वापरून पार झिजलाय.