संमती, मंजुरी आणि ‘माझी हरकत नाही’

विचारणा

बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी आस्थापना विभागात काम करते. गेल्या महिन्यात फाटकावरचे अंगठ्याचे यंत्र निघाले आणि त्या जागी चेहरा ओळखणारे हजेरीयंत्र बसले. त्यासोबत प्रत्येक कामगाराने सही करून द्यायचा एक कागद वरून आला. मूळ कागद इंग्रजीत होता, गुजराती व हिंदी भाषांतरे तयार होती. मराठीचे काम माझ्याकडे आले, कारण आमच्याकडे बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतले काही जण आहेतच, शिवाय धुळे, नंदुरबार आणि जळगावकडून आलेले कामगारही बरेच आहेत.

कागदाचे शीर्षक ‘संमतिपत्र’, आणि त्यातले मुख्य वाक्य मी असे उतरवले: ‘माझ्या चेहऱ्याची प्रतिमा हजेरीसाठी व कंपनीस योग्य वाटेल अशा अन्य कारणांसाठी वापरण्यास मी स्वेच्छेने संमती देत आहे.’ भाषांतर म्हणून वाक्यात चूक काढता येणार नाही. पण मसुदा दाखवण्यासाठी मी तो आमच्या एका फिटरकाकांना वाचायला दिला. त्यांनी शब्दाशब्दावर बोट ठेवत कागद वाचला, ‘स्वेच्छेने’पाशी त्यांचे बोट थांबले आणि त्यांनी मला विचारले, “ताई, सही नाही केली तर हजेरी लागेल का?” मी वर विचारून आले. उत्तर ‘नाही’ असे होते.

हे सांगितले पाहिजे की फिटरकाकांना नवे यंत्र नकोसे नाही, उलट हवेच आहे. तीस वर्षे लोखंड हाताळून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्या आहेत, आणि जुने यंत्र त्यांना रोज सकाळी चार-पाच वेळा नाकारत असे. त्यांचा प्रश्न यंत्राविषयी नव्हता, त्या एका शब्दाविषयी होता, आणि म्हणूनच तो माझ्या मनातून जात नाही. ज्या कागदावर ‘नाही’ म्हणायला जागाच नाही, त्याला मराठीत संमतिपत्र म्हणता येते का? मंजुरी, परवानगी, कबुली, स्वीकृती, होकार, सहमती असे इतके शब्द आपल्याकडे आहेत. त्यांतला कोणता येथे खरा ठरेल? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर, दांडिया बाजारातील एका निवृत्त वकिलांचे

आपला प्रश्न शब्दाचा आहे तितकाच कायद्याचाही आहे, आणि या शब्दाच्या बाबतीत दोन्ही बाजू एकमेकींच्या फार जवळ येतात.

‘संमती’ची फोड सम् आणि मति अशी आहे, म्हणजे मती एकत्र येणे, एकमत होणे. आता भारतीय करार अधिनियम, १८७२ याचे कलम १३ पाहा. दोन किंवा अधिक व्यक्तींनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता दिली, तरच त्यांची संमती झाली असे ते कलम सांगते. कायदा इंग्रजीत लिहिला गेला, पण त्याचा आशय आपल्या शब्दाच्या घडणीतच आहे. पुढे कलम १४ म्हणते की जबरदस्ती, गैरवाजवी प्रभाव, कपट, चुकीचे निवेदन किंवा चूक यांमुळे मिळालेली संमती मुक्त संमती नव्हे. कलम १६ गैरवाजवी प्रभावाची व्याख्या करताना अशा नात्याचा विचार करते, ज्यात एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजवू शकतो आणि त्या स्थितीचा अयोग्य फायदा घेतो. मालक आणि नोकर यांच्यातला प्रत्येक करार या कलमाखाली येतो असे मुळीच नाही. तरीही फाटकावर उभ्या असलेल्या माणसापुढे कागद ठेवणाऱ्याने हे कलम एकदा वाचलेले बरे.

वैयक्तिक विदेच्या, म्हणजे डेटाच्या, संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली केलेला अधिनियम याहून पुढे जातो. त्याच्या कलम ६ नुसार संमती मुक्त, विशिष्ट, पूर्ण माहितीनिशी दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी लागते, ती स्पष्ट कृतीतून व्यक्त व्हावी लागते, आणि सांगितलेल्या कारणासाठी आवश्यक तेवढ्याच विदेपुरती ती मर्यादित असते. आपल्या मसुद्यातले ‘कंपनीस योग्य वाटेल अशा अन्य कारणांसाठी’ हे शब्द या कसोटीवर टिकणे अवघड आहे. त्याच कलमाने संमतीची मागणी साध्या, स्पष्ट भाषेत करण्याचे बंधन घातले आहे आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय दिला आहे. म्हणजे आपण करत असलेले मराठी भाषांतर ही कंपनीची मेहेरबानी नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत, तेव्हा असे कागद आता जागोजागी निघणार.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. याच अधिनियमाचे कलम ७ नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाला नुकसानीपासून वाचवण्यासाठी काही विदा संमतीविना वापरण्याची मुभा देते. हजेरी त्यात बसते असे कंपनीचे म्हणणे असेल, तर तिला संमतीची गरजच उरत नाही. मग संमती मागायची कशाला? कलम ७ चा आधार घ्यायचा आणि वर ‘स्वेच्छेने’ अशी सहीही घ्यायची, या दोन गोष्टी एका कागदावर शोभत नाहीत. माझ्या मते आपल्या भाषांतरात चूक नाही. मूळ कागदाचे शीर्षकच खोटे आहे.

उत्तर, मराठीच्या एका निवृत्त शिक्षिकेचे

वकीलसाहेबांचे विवेचन मोलाचे आहे, परंतु व्युत्पत्तीवर इतका भार टाकणे मला धोक्याचे वाटते. शब्दाचा अर्थ रूढीने ठरतो. सभेत ठराव ‘संमत’ होतो तेव्हा विरोधात हात वर करणाऱ्यांची मती काही एकत्र आलेली नसते, तरीही आपण तोच शब्द बिनदिक्कत वापरतो. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन तर आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की गप्प बसलेल्या माणसाला आपण पिढ्यान्पिढ्या राजी समजत आलो. ज्यांना बोलण्याची सोय नव्हती, त्यांच्या गप्प राहण्याला या वचनाने संमती ठरवले. नवा कायदा स्पष्ट कृती मागतो, म्हणजे तो या वचनाच्या थेट विरुद्ध उभा आहे, आणि याचा मला मनापासून आनंद होतो.

आता आपण विचारलेले शब्द. ‘मंजूर’ हा अरबी शब्द ‘नजर’च्याच धातूपासून आला आहे. मूळ अर्थ ‘पाहिलेले’. अर्ज वरच्या माणसाच्या नजरेखालून गेला की तो मंजूर होतो. म्हणून रजा साहेब मंजूर करतात, कामगार करत नाही, आणि आपल्या कागदाला हा शब्द अजिबात चालणार नाही. ‘परवानगी’ आणि ‘अनुमती’ यांतही देणाऱ्याच्या हाती अधिकार असतो. ‘कबुली’त केलेल्या गोष्टीची जबाबदारी मान्य करण्याची छटा आहे, तिचा येथे संबंध नाही. ‘सहमती’ मतांच्या जुळण्याविषयी असते. एखाद्या विचाराशी मी सहमत असेन, पण माझ्या चेहऱ्याच्या वापराला मी देईन ती संमतीच. भ्रमणध्वनीच्या पडद्यांवर ‘मी सहमत आहे’ हे बटण हिंदीवरून आले आणि त्याने हा भेद पार पुसून टाकला, याचे मला वाईट वाटते.

‘रजा’ आणि ‘राजी’ हे दोन्ही एकाच अरबी कुळातले शब्द आहेत, आणि त्या कुळाचा अर्थ खुशी, संमती असा आहे. आपल्या गुजराती शेजाऱ्यांनी ‘राजी’मधली खुशी अजून जपली आहे; नातू परीक्षेत पास झाला की आजी ‘राजी राजी’ होतात. ‘राजीनामा’ हाही मुळात दोन्ही पक्ष राजी असल्याचा लेख. मराठीत आणि गुजरातीत तो नोकरी सोडण्याचा कागद झाला. आपल्या फिटरकाकांपुढे आज या कुळातला तेवढाच एक शब्द उरला आहे, आणि तो त्यांनी वापरावा असे कुणालाही वाटत नाही.

शुद्धलेखनाविषयीही लिहिते, कारण पुष्कळ ठिकाणी चूक दिसते. सुटा शब्द ‘संमती’ असा दीर्घ, पण समासात ‘संमतिपत्र’, ‘संमतिवय’ असा ऱ्हस्व लिहावा.

विचारणा करणारीचे प्रत्युत्तर

काका, बाई, आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिले, याबद्दल ऋणी आहे.

बाईंचा आक्षेप मला पटतो. केवळ फोड करून अर्थ सिद्ध होत नाही. पण बाईंनी ‘संमतिवय’ हा शब्द उदाहरणापुरता लिहिला आणि त्यावरच मला थांबावेसे वाटले. ‘संमती’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला तो १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामुळे. ज्यांनी या प्रश्नावर देश हलवून सोडला ते समाजसुधारक बेहरामजी मलबारी आपल्या बडोद्यातच १८५३ साली जन्मले. आगरकर त्या कायद्याच्या बाजूने आणि टिळक विरोधात उभे राहिले, तो वाद प्रसिद्धच आहे. कायद्याने शरीरसंबंधाला मुलीची संमती ग्राह्य धरण्याच्या वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली. आज ती मर्यादा वाचूनही अंगावर काटा येतो. पण शब्दाच्या दृष्टीने त्या कायद्यात एक मोठी गोष्ट होती. विशिष्ट स्थितीतल्या व्यक्तीचा होकार हा होकार धरायचाच नाही, कारण तिला नकार देण्याची शक्तीच नाही, हे त्याने मान्य केले. म्हणजे ‘नाही म्हणता येणे’ ही अट मी या शब्दावर नव्याने लादत नाही. रूढीच प्रमाण मानायची, तर ही रूढी सव्वाशेहून अधिक वर्षांची आहे.

फिटरकाका लहान मूल नाहीत, आणि त्यांची तुलना तशी करणे त्यांचा अपमान ठरेल. त्यांना सगळे समजते, किंबहुना माझ्याआधी समजले. पण समजणे आणि नाकारता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने सर्को लेझर या कंपनीला ३८ ठिकाणी दोन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या हजेरीसाठी चालवलेली चेहऱ्याची व बोटांच्या ठशांची तपासणी थांबवण्याचा आदेश दिला. दुसरा पर्याय समोर ठेवलेला नव्हता आणि मालक-नोकरांच्या बळात तफावत होती, म्हणून कर्मचाऱ्यांना नाही म्हणणे शक्य वाटले नसावे, असे त्या कार्यालयाचे म्हणणे होते. तेथला कायदा आपल्याला लागू नाही, हे मला कळते. फिटरकाकांचा प्रश्न मात्र अगदी तोच होता.

आमच्या कचेरीत माझा मसुदा पाहून एका सहकाऱ्याने सुचवले की शीर्षक ‘ना-हरकत पत्र’ करावे, म्हणजे वाद मिटेल. मी दोन दिवस त्यावर विचार केला. ‘माझी हरकत नाही’ आणि ‘माझी संमती आहे’ यांत मोठे अंतर आहे. हरकत नसलेला माणूस वाटेतून बाजूला होतो. संमती देणारा वाट दाखवतो. बडोद्यात आपण दिवसभर ‘चालेल’ म्हणतो आणि शेजारी ‘चालशे’ म्हणतात, तेही याच जातीचे आहे, त्यात पसंतीपेक्षा जुळवून घेणे अधिक असते. पण हरकत घेण्याची सोय असेल तरच ‘हरकत नाही’ या शब्दांना अर्थ आहे. ती सोय नसताना ना-हरकतही तितकीच खोटी, म्हणून मी तो शब्द घेतला नाही.

मी आता एका कागदाचे दोन कागद केले आहेत. पहिल्याचे शीर्षक ‘सूचना’. चेहऱ्याची प्रतिमा हजेरीसाठी घेतली जाईल, ती कोठे राहील, किती दिवस राहील आणि कोण पाहील, एवढेच त्यात आहे. त्यावर कामगाराची सही ‘सूचना मिळाली’ या शब्दांखाली आहे, म्हणजे ती पोच आहे, होकार नव्हे. दुसरा कागद खरोखरीचे संमतिपत्र. हजेरीपलीकडचा प्रत्येक उपयोग वेगळ्या ओळीत लिहिला असून प्रत्येक ओळीपुढे ‘होय’ आणि ‘नाही’ असे सारख्या आकाराचे दोन चौकोन आहेत, आणि ‘नाही’वर खूण केली तरी हजेरी व पगार यांवर परिणाम होणार नाही, हे वाक्य ठळक अक्षरांत आहे. दोन्ही कागद वर पाठवले आहेत. पहिला स्वीकारला गेला, दुसऱ्यावर विचार चालू आहे.

शेवटची एक अडचण राहिली आहे. संमती जितक्या सहजतेने देता येते तितक्याच सहजतेने ती परत फिरवता आली पाहिजे, असे कलम ६ म्हणते. मी आधी ‘काढून घेणे’ असे लिहिले होते, कारण ‘मागे घेणे’ हे खटला किंवा केलेले विधान मागे घेण्यासारखे, माघार घेतल्यासारखे वाटत होते. फिटरकाकांनी ती ओळ वाचली आणि विचारले, “कंपनी काढून घेणार का?” कारखान्यात ‘काढून घेणे’ हे नेहमी वरूनच होते, ओळखपत्र काढून घेतात, काम काढून घेतात. तेव्हा मी वाक्य बदलले: ‘दिलेली संमती कामगाराला केव्हाही, कारण न सांगता, मागे घेता येईल.’ आता त्यात मागे घेणारा कोण याविषयी शंका राहत नाही, पण माघारीची छटा राहतेच. ‘परत घेणे’ याहून बरे होईल का, की तेथेही ‘परत कोणी केले’ हा प्रश्न उठेल? कोणाला नेमका शब्द सुचत असल्यास या आठवड्यातच कळवावा, कारण कागद छपाईला जायचा आहे.