मदत हवी आहे: थंड पाण्यात शिकलेलं स्कूबा अंदमानात कितपत कामी येईल?

नमस्कार मंडळी,

पुण्याला समुद्र नाही हे माहीत आहे, तेव्हा कृपया खडकवासल्याची चौपाटी सुचवू नये.

ऑफिसच्या कामाने दीड वर्ष इंग्लंडात होते. तिथे हौसेने ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला) कोर्स केला, तोही पाणी भरलेल्या एका जुन्या दगडखाणीत. मार्च महिना, पाणी ६ अंश. मास्कमध्ये पाणी घेऊन ते बाहेर काढायचा सराव करताना कपाळात अशी कळ जायची की बस्स. जाड हातमोज्यांत बोटांची लाकडं झालेली, बीसीडीचं (हवा भरायच्या जॅकेटचं) बटणसुद्धा चाचपून शोधायचं. समोरचं दिसायचं जेमतेम ३ मीटर. नवव्या डाइव्हला १४ मीटरवर भाड्याचा रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) गारठून फ्री-फ्लो झाला, हवा नुसती धो धो! बडीचा (जोडीदाराचा) ऑक्टोपस, म्हणजे जादाचा रेग्युलेटर, तोंडात धरला आणि दोघं सावकाश वर आलो. काठावर बसून रडले, चहा प्यायले, पुढच्या रविवारी परत गेले.

तिथले लोक म्हणायचे, इथे जमलं की जगात कुठेही जमेल. माझे एकूण १४ डाइव्ह झालेत, पण गेलं वर्षभर पाण्यात उतरलेली नाही. जानेवारीत भाऊ-वहिनीबरोबर अंदमानात हॅवलॉक बेटावर जायचंय. भाऊ सगळ्यांना सांगत सुटलाय की ताई एकदम तयार आहे. मला मात्र धाकधूक आहे. खाणीत ना प्रवाह, ना लाटा. बोटीवरून उडी कधी मारलेली नाही. ड्रायसूटमध्ये (अंग कोरडं ठेवणाऱ्या, आत हवा असलेल्या सूटमध्ये) खाली जायला १४ किलो शिसं लागायचं, तिथे किती लागेल? आधी तारकर्लीला एक खेप करावी का?

खेकडा३०: ताई, ते लोक अर्धं खरं बोलत होते. फ्री-फ्लोमध्ये न घाबरता वर आलात, हे तुमच्याकडून कोणी काढून घेणार नाही. दर दोन मिनिटांनी गेज (उरलेली हवा दाखवणारं) बघायची सवयही कामाला येईल. पण अंदमानात पाणी २८ अंशांच्या आसपास आणि नितळ. तळ हाताशी आल्यासारखा वाटतो आणि माणूस नकळत १८ मीटरच्या, म्हणजे ओपन वॉटरच्या मर्यादेच्या, खाली जातो. (मी गेलोय. इन्स्ट्रक्टरने फिन धरून थांबवलं.) खाणीत अंधारच तुम्हाला सावध ठेवत होता.

शिसं निम्म्याहूनही कमी लागेल, कारण ड्रायसूटमधली हवा आता नाही. खारं पाणी थोडं जास्त मागतं, पण ३ मिमी सूटला बहुतेकांना ४ ते ६ किलो पुरतात. आकडा पाठ करू नका, पहिल्या दिवशी वेट चेक करा: बीसीडी रिकामी, श्वास नेहमीसारखा रोखून डोळ्यांच्या पातळीला तरंगायला हवं. सिलिंडर शेवटी हलका होतो, त्यासाठी एक-दोन किलो वर धरा.

कोकणी_बाणेरात: तारकर्ली जरूर करा, तिथलं गढूळ पाणी तुम्हाला माहेरासारखं वाटेल :) फक्त बुकिंग करताना कोर्सचं कार्ड आहे हे सांगा, नाहीतर पर्यटकांसारखं हात धरून दहा मिनिटं फिरवून आणतात. त्याआधी इथेच पूलमध्ये रिफ्रेशर (उजळणीचं सत्र) घ्या. वर्षभराचा खंड हा तुमचा खरा प्रश्न, थंडी-गर्मी नंतर. प्रवाहाची भीती असेल तर पहिला डाइव्ह संथ जागीच मागा, लाजू नका.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. रिफ्रेशरसाठी आजच फोन करते. १४ वरून ५ किलो ऐकून तर कंबरेलाच बरं वाटलं. बोटीवरून मागे पडून उडी मारताना मास्क निघून जाऊ नये म्हणून हात नेमका कुठे ठेवायचा, हेही कोणी सांगेल का?

खेकडा३०: उजव्या तळव्याने रेग्युलेटर दाबून धरा, त्याच हाताची बोटं मास्कवर. डावा हात वेट बेल्टवर. आणि आधी मागे कोणी तरंगत नाही ना, ते बघा.