रोज एक कविता: सराव की नुसता रतीब?

यतिभंग

एप्रिल आला की ‘तीस दिवस, तीस कविता’ची टूम निघते. अमेरिकेत १९९६ पासून एप्रिल हा राष्ट्रीय कविता महिना मानतात. २००३ साली मोरीन थॉर्सन या कवयित्रीने त्या महिन्यात रोज एक कविता लिहायचं ठरवलं, इतरांनी ते उचललं आणि आता ते सगळीकडे पोचलंय. काहींना महिना पुरत नाही, ते वर्षभराचा संकल्प करतात.

माझा आक्षेप लिहिण्याला नाही, ‘रोज’लाही नाही. आक्षेप आहे तो रात्री बाराच्या आत कविता पूर्ण करून चारचौघांत मांडण्याला. त्यात दुसरा खर्डा होतच नाही. रात्री झकास वाटलेली ओळ सकाळी बटबटीत दिसते, हे लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. इथे त्या सकाळी आपण पुढच्या कवितेच्या काळजीत असतो. मग हाताला येतात त्याच त्या गोष्टी: पाऊस, खिडकी, ‘ती’, एकांत. आणि पहिला आठवडा सरला की ‘आज काही सुचत नाही’ या विषयावरची कविता हमखास येते!

केशवसुतांच्या उपलब्ध कविता सुमारे १३५. मराठी कवितेला वेगळं वळण लावायला तेवढ्या पुरल्या.

शीघ्रकोपी

केशवसुत चाळिशीच्या आत गेले. हिशेब मांडताना तेवढं लक्षात असू द्या.

शिवाय छापलेल्या कवितांवरून लिहिलेल्या कविता कशा मोजणार? अरुण कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७चा, पुढचे थेट २००३ मध्ये आले. मधली २६ वर्षं ते हातावर हात ठेवून बसले होते का?

तारखेने कविता बिघडते म्हणता, तर गीतरामायण घ्या. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक नवं गीत, अशी ५६ गीतं. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची आणि ठरल्या दिवशी ते श्रोत्यांच्या कानावर पडायचं. तारीख डोक्यावर असताना झालेलं काम आहे ते. दाखवा त्यात घाईच्या खुणा.

यतिभंग

कोलटकरांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे की. लिहिलं आणि ठेवून दिलं. या आव्हानात नेमकं ते ‘ठेवून देणं’च वगळलंय.

गीतरामायणाला आठवडा होता, दिवस नव्हता. कथा ठरलेली, प्रसंग ठरलेला, कोण कोणाला काय म्हणतंय तेही ठरलेलं. ‘आज कशावर लिहू’ हा प्रश्नच नव्हता. आणि गदिमांचा हात तोवर कितीतरी चित्रपटगीतांवर बसलेला होता. तयार हाताला तारीख मानवते. ज्याचा हात अजून बसायचाय, त्याला ती कामचलाऊपणा शिकवते, असं माझं मत.

ओवीकाठ

तुम्ही दोघंही कागदावरच्या कवितेबद्दल बोलताय. जात्यावरची ओवी रोज पहाटे व्हायचीच, तिला कोणी आव्हान दिलेलं नव्हतं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. कामं करता करता त्या रचायच्या. त्या १९५१ साली गेल्या आणि पुस्तक निघालं ते १९५२ मध्ये. प्रसिद्धी, वाचक, दाद यांपैकी काही समोर नसतानाही रोजच्या कामात कविता होत होती. तेव्हा ‘रोज’ला एवढं घाबरायचं कारण नाही.

यतिभंग

मान्य. पण त्या परंपरेत विसरण्याची सोय होती. सकाळी म्हटलेली ओवी दुपारी आठवली नाही तर गेली. जी गेली नाही ती दुसरीने उचलली, तिसरीने एक शब्द बदलला. म्हणजे चाळण लागतच होती, फक्त ती संपादकाच्या हातात नव्हती. आता टाकलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी राहते आणि वर पन्नास जण ‘वाह, क्या बात’ म्हणून जातात. त्या वाहवाने कवितेचं जेवढं नुकसान होतं तेवढं न लिहिण्यानेही होत नसेल.

गद्यप्राय

मुद्दा जरा बाजूचा आहे, पण बोलतो. ‘रोज’ कशात लिहिता यावर बरंच अवलंबून आहे. वृत्तात रोजच्या सरावाला अर्थ आहे. रोज भुजंगप्रयाताच्या चार ओळी लिहिल्या तर महिन्याभरात बोटांवर अक्षरं मोजावी लागत नाहीत, कानालाच कळतं. गझलेत तर रोज एक शेर पुरे. रदीफ-काफिया (शेवटी परत परत येणारा शब्द आणि त्याआधीचं यमक) ठरलेले असतात आणि शेर स्वतःपुरता पूर्ण असतो, त्यामुळे दिवसाचं काम दिवसात संपतं.

मुक्तछंदात मात्र ‘आजची झाली’ हे सांगणारं बाहेरचं काही नाही. आतली लय सापडायला वेळ लागतो आणि तेवढा थांबायला वेळ नसतो. म्हणून रोजच्या मुक्तछंदाची बहुतेक वेळा तुकडे पाडलेली रोजनिशी होते. माझ्या नावाकडे बघून हसू नका.

शीघ्रकोपी

हसलो. आणि वृत्तात घाई केली की काय होतं? ‘जणू’, ‘तो’, ‘गे’, ‘असा’. निम्मी ओळ भरीची.

दोनओळी

माझी आजची व्हायची होती, ती तुम्हीच दिलीत. अष्टाक्षरी:

रोज लिहू म्हणे कोणी
कोणी म्हणे नका लिहू
भांडणात कोटा माझा
भरला का, तेही पाहू

यतिभंग

अक्षरं चोख आहेत. पण ‘तेही’ निव्वळ पादपूरणासाठी आलंय. दुसरं पाहायचं काहीच नाही, मग ‘ही’ कशाला? उद्यापर्यंत ठेवली असती तर तुम्हालाच खटकलं असतं.

ओवीकाठ

‘भरला का, सांगा पाहू’ करा. मीटरही राहतो आणि प्रश्न विचारल्यासारखा होतो.

शीघ्रकोपी

बघा, चारचौघांत टाकली म्हणून दुसरा खर्डा झाला. वहीत ठेवली असती तर ‘तेही’ जन्मभर तिथेच राहिलं असतं.

यतिभंग

दाद न देता चूक काढणारे भेटले म्हणून झाला. असे वाचक रोज मिळणार असतील तर माझा विरोध बराच सौम्य होईल. एकोणतीस दिवस ‘वाह’ आणि तिसाव्या दिवशी एक ओवीकाठ, हे प्रमाण मला चालणार नाही.

दोनओळी

‘सांगा पाहू’ घेतलं, आभार. आता ही सुधारलेली उद्याच्या हिशेबात धरली तर चालेल का?

गद्यप्राय

नाही.