जुन्या डेस्कटॉपला कुठलं ग्राफिक्स कार्ड बसेल?

कळवेकर: मंडळी, घरी आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसरवाला जुना ऑफिसचा डेस्कटॉप आहे, रॅम १६ जीबी, पण एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) २४० वॉटचा आणि त्यातून कार्डासाठी वेगळी वायरच निघत नाही, उघडून बघितलं तर आत बोटभर धूळ. पोराला १०८०पी (फुल एचडी) वर गेम खेळायचेत. काय घेऊ?

खारीगाव_८८: वायर नाही म्हणजे ७५ वॉटच्या आतलंच, तेवढी पॉवर मदरबोर्डवरच्या, कार्ड बसतं त्या स्लॉटमधूनच मिळते. जीटीएक्स १६५० बघा, फक्त त्याचं ६ पिनवालं, म्हणजे वेगळी वायर लागणारं मॉडेल नको. मी वाशीत तेच उचललं, परत द्यायला गेलो तर दुकानदार म्हणे बॉक्स फोडला ना आता 😑

चिपवाला: आरएक्स ६४०० स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, ते स्लॉटच्या चारच लेन (डेटाच्या वाटा) वापरतं आणि तुमच्या बोर्डाचा स्लॉट जुन्या, कमी वेगाच्या पीसीआयई ३.० चा, स्पीडला मार बसतो. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं घ्या, ७० वॉटमध्ये भागतं. १६५० ची मेमरी ४ जीबीच, नवे गेम तेवढ्यात रडतात.

कळवेकर: कॅबिनेट स्लिम आहे हो.

चिपवाला: मग लो प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचं कार्ड, आणि बॉक्समध्ये ते स्लिम कॅबिनेटला बसवायची छोटी पट्टी आहे का बघून घ्या. आधी बायोस (मदरबोर्डचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट करा, नाहीतर स्क्रीन काळी राहू शकते!

कळवेकर: ओके, शनिवारी मुंबईचं कॉम्प्युटर मार्केट, लॅमिंग्टन रोड गाठतो.